वळशाचा हिशेब

दिवाळी अंकात रस्त्यांविषयी लिहू नये, असा संकेत आहे. फराळाच्या ताटात कुणी खडी वाढीत नाही. घरची मंडळी चकलीचे तुकडे मोडीत, पाय पसरून अंक चाळीत बसलेली असताना त्यांच्यापुढे खोदकाम, पत्र्याचे अडसर आणि ‘रस्ता बंद’च्या पाट्या मांडणे हा शुद्ध अरसिकपणा होय. हे सारे मला मान्य आहे. पण वाचकहो, ह्या चार दिवसांत आपण काय काय केले ते जरा आठवा. कुणी मावशीकडे गेले, कुणी सासुरवाडीला, कुणी कंदिलासाठी बाजारात. आणि इच्छित स्थळी पोचल्यावर, पायांतल्या चपला काढता काढता, प्रत्येकाने पहिले वाक्य कोणते उच्चारले? ‘काय हो हा रस्ता! किती फिरून यावे लागले!’ तेव्हा हा विषय मी आणलेला नाही. तो आपल्याबरोबरच उंबऱ्याच्या आत आला आहे आणि आता पाटावर बसू पाहत आहे. त्याला निदान पाणी तरी विचारले पाहिजे.

आधीच एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझ्यावर प्रगतीचा वैरी असल्याचा शिक्का मारणार नाही. जुने पूल पाडले पाहिजेत, नवे बांधले पाहिजेत, आणि बांधताना रस्ते बंद ठेवावे लागतात, हे मला कळते. मी अंधेरीचा राहणारा. ३ जुलै २०१८ रोजी सकाळी साडेसातच्या सुमारास आमच्या गोखले पुलाचा पदपथ खाली रुळांवर कोसळला. मोटरमनने प्रसंगावधान राखून गाडी थांबवली म्हणून मोठा अनर्थ टळला. तरी जखमींपैकी दोघे पुढे दगावलेच. ज्याने तो ढिगारा पाहिला आहे तो ‘पूल जसा आहे तसा राहू द्या’ असे कधी म्हणणार नाही.

माझे भांडण निराळ्या गोष्टीशी आहे. ते आहे ‘पर्यायी मार्ग’ ह्या दोन शब्दांशी.

सरकारी मराठीत पुष्कळ शब्द रुक्ष आहेत, काही अगम्य आहेत. पण ‘पर्यायी मार्ग’ हा त्यांतला सर्वांत लबाड शब्द. पर्याय म्हणजे काय? चहा नको असेल तर कॉफी, हा पर्याय. इथे तर चहाही काढून घेतलेला असतो आणि कॉफी गोरेगावला मिळते असे सांगितलेले असते! गोखले पूल ७ नोव्हेंबर २०२२ रोजी वाहनांना पूर्ण बंद झाला. हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या दिवसांच्या सूचनेने बंद झाला. आणि त्याबरोबर पर्यायी मार्गांची एक लांबलचक यादी प्रसिद्ध झाली. उत्तरेला गोरेगावचा मृणालताई गोरे उड्डाणपूल, जोगेश्वरीचा बाळासाहेब ठाकरे उड्डाणपूल. दक्षिणेला पार्ल्याचा कॅप्टन विनायक गोरे उड्डाणपूल, त्याही पलीकडे सांताक्रूझचा मिलन, शिवाय खारचा भुयारी मार्ग आणि आमच्या अंधेरीचा भुयारी मार्ग. म्हणजे अंधेरीकराने अंधेरीतून अंधेरीत जायचे, तर एका गोऱ्यांपासून दुसऱ्या गोऱ्यांपर्यंत कुठेही जावे आणि परत यावे. मृणालताईंचे नाव त्या यादीत पाहून मला मात्र हसू फुटले. सत्तरच्या दशकात महागाईविरुद्ध हातात लाटणी घेतलेल्या बायकांचे मोर्चे काढणारी ही बाई. तिच्या नावाचा पूल लोकांची समजूत घालण्यासाठी पुढे करावा, ह्यापरता विनोद नाही.

आता ह्या यादीतला प्रत्येक रस्ता तपासा. हे सगळे पूल आणि बोगदे काय आदल्या दिवसापर्यंत रिकामे पडले होते? गोखले पुलावरून जाणारी सारी वाहने आपल्या अंगावर येतील म्हणून ते जागा झाडून बसले होते? ते आधीच तुडुंब होते. अंधेरीचा भुयारी मार्ग तर जरा जोराची सर आली की पाण्याने भरतो आणि बंद करावा लागतो, हे मुंबईतले शाळकरी पोरही सांगेल. म्हणजे पावसाळ्याचे चार महिने आमच्या पर्यायालाही पर्याय शोधणे आले! ज्या घरात एकच पाट आहे त्या घरात दहा पाहुण्यांना ‘आपापल्या पर्यायी पाटावर बसा’ म्हणण्यासारखे हे आहे.

कुणी म्हणेल, एवढे काय त्यात? अर्धा-पाऊण तास जास्त लागला. नव्या पुलासाठी एवढा त्याग करायला नको?

ह्या ‘त्याग’ शब्दापाशी मी जरा थांबणार आहे. माझ्या शेजारी नाना आणि माई असे एक वृद्ध जोडपे राहत असे. नानांची मूत्रपिंडे निकामी झालेली. आठवड्यातून तीनदा रक्तशुद्धीसाठी, म्हणजे डायलिसिससाठी, जावे लागे. पूर्वेला सोय नव्हती असे नाही. पण त्यांच्या पेन्शनीला परवडेल अशा धर्मादाय दराची जागा मोठ्या खटपटीने पश्चिमेला मिळाली होती. पूल होता तोवर रिक्षाने वीस मिनिटांत पोचत. पूल बंद झाल्यावर जाताना पाऊण तास जास्त आणि येताना पाऊण तास जास्त. येतानाचा पाऊण तास कसा असतो, हे ज्याने चार तास सुया टोचून घेतलेला माणूस पाहिला आहे त्यालाच कळेल. रक्तदाब उतरलेला, पायांत गोळे, डोळे मिटलेले, आणि रिक्षा पार्ल्याच्या चढावर गाड्यांच्या रांगेत उभी. माई एका हाताने त्यांना धरीत आणि दुसऱ्या हाताने पदराने वारा घालीत. कित्येकदा रिक्षावाला ‘पूल बंद आहे, तिकडे नाही येणार’ म्हणून तोंड फिरवी. त्याला तरी दोष कसा द्यावा? तासभर रांगेत उभे राहून त्याचेही पोट भरत नाही.

२०२३ च्या पावसाळ्यात भुयारी मार्गात पाणी साचल्यामुळे नानांनी दोन वेळा जाणे टाळले. दुसऱ्या वेळी रात्री त्यांच्या छातीत पाणी भरले, श्वास लागला. त्या रात्री आम्ही तिघे शेजारी त्यांना खुर्चीत बसवून खाली घेऊन आलो, ते मी विसरणार नाही. त्या खेपेला ते वाचले. पुढे जानेवारी २०२४ मध्ये गेले.

नाना पुलामुळे गेले, असे मी म्हणणार नाही. दुखणे मोठे होते, वय झाले होते. पण मी एक साधा हिशेब केला. पूल बंद झाल्यापासून नाना जाईपर्यंत ६१ आठवडे झाले. आठवड्याला तीन खेपा, म्हणजे १८३. त्यांतून चुकलेल्या दोन वजा करा, १८१ राहिल्या. प्रत्येक खेपेला जाऊन-येऊन दीड तास जास्त. एकूण २७१ तासांच्या वर होतात. म्हणजे अकरा अहोरात्रींहून अधिक काळ. ज्या माणसापाशी मोजकेच दिवस उरले होते, त्याचे अकरा दिवस आणि अकरा रात्री रिक्षात बसून धूर खाण्यात गेल्या. त्याग म्हणजे आपण होऊन दिलेले. नानांना कुणी विचारले होते काय? न विचारता घेतलेल्या वस्तूला मराठीत निराळा शब्द आहे.

आणि हे अकरा दिवस कुठल्या जमाखर्चात मांडले गेले? पुलाच्या अंदाजपत्रकात पोलाद असते, सिमेंट असते, मजुरी असते, सल्लागारांचे शुल्क असते. खुंटलेल्या माणसांच्या वेळेचा रकाना त्यात नसतो. आमच्याच गल्लीतल्या पोळी-भाजी केंद्राच्या बाईंची पलीकडच्या कचेऱ्यांतली निम्मी गिऱ्हाइके गेली, कारण डबा एकच्या ठिकाणी अडीचला पोचू लागला. तोही कुठे मांडलेला नाही. हे सारे फुकट धरलेले आहे. आणि जी वस्तू फुकट मिळते ती माणूस हात सैल सोडून वापरतो, हा व्यवहार आहे.

विचार करा, पुलाला नाव कुणाचे? गोपाळ कृष्ण गोखल्यांचे! जो माणूस फर्ग्युसनमध्ये गणित शिकवीत होता, ज्याचे अंकगणिताचे पुस्तक शाळांतून चालले, ज्याने १९०२ साली कलकत्त्याच्या कायदेमंडळात पहिल्याच अंदाजपत्रकी भाषणात सरकारच्या शिलकीची चिरफाड केली. सरकार शिल्लक दाखवून स्वतःची पाठ थोपटून घेत होते; गोखल्यांनी दाखवून दिले की तिजोरीत शिल्लक आणि प्रजा हलाखीत, असे एकाच वेळी असू शकते. खर्च कुणाच्या खिशातून निघाला ते बघा, एवढेच त्यांचे म्हणणे. त्यांच्या नावाच्या पुलाचा हिशेब मांडताना नेमका तोच रकाना गाळावा, ही गोष्ट त्या अत्यंत सभ्य माणसालाही सहन झाली नसती.

आता दुसरी बाजू. इंजिनिअर मंडळींशी मी बोललो आहे, आणि त्यांच्या अडचणी खोट्या नाहीत. खालून पश्चिम रेल्वेच्या गाड्या सारख्या धावत असतात. रुळांवर काम करायचे तर रात्रीचे मोजके तास मिळतात. जुना पूल रेल्वेने पाडायचा, नवा महापालिकेने बांधायचा; दोन यजमान आणि एक श्राद्ध. लोखंडी तुळया घडत होत्या अंबाल्याला, आणि २०२३ च्या जुलैत तिकडे पूर आला, काम अडले. पहिली तुळई रुळांवर चढली ती डिसेंबर २०२३ मध्ये. हे सगळे खरे आहे. पुराचा दोष मी कुणाच्या माथी मारीत नाही.

पण मग २६ फेब्रुवारी २०२४ रोजी पुलाची एक बाजू उघडली तेव्हा काय दिसले? रेल्वेच्या नव्या नियमाप्रमाणे पूल उंच बांधला होता, आणि त्याला जोडून असलेला बर्फीवाला उड्डाणपूल होता तिथेच खाली राहिला होता. दोहोंमध्ये सुमारे दीड मीटरची पायरी! एक पूल दुसऱ्या पुलाच्या डोक्यावर उभा राहून लांब कुठे तरी पाहतो आहे, असे ते दृश्य होते. साऱ्या मुंबईने ते पाहिले आणि पोट धरून हसून घेतले. पुढे तज्ज्ञांचा सल्ला घेऊन बर्फीवाला पूल जॅक लावून एका बाजूने १३९७ मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूने ६५० मिलिमीटर उचलला, आणि जुलै २०२४ मध्ये दोन पुलांचे हस्तांदोलन झाले. उचलण्याचे काम सुरेख झाले, हे कबूल केले पाहिजे, मिलिमीटरपर्यंत अचूक! पण जो हिशेब मिलिमीटरपर्यंत जमतो तो आधी मीटरपर्यंत का जमू नये? दुसरी बाजू उघडून पूल पुरता मोकळा झाला ११ मे २०२५ रोजी. बंद झाल्यापासून अडीच वर्षे.

आणि खरी बोचणारी गोष्ट ह्याच्याही आधीची आहे. पदपथ कोसळला २०१८ च्या जुलैत, आणि पूल बंद झाला २०२२ च्या नोव्हेंबरात. मध्ये चार वर्षे आणि चार महिने. ह्या काळात तपासण्या झाल्या, डागडुजी झाली, बैठका झाल्या. पूल आज ना उद्या पाडावा लागणार, हे कळायला ज्योतिषी नको होता. ह्या चार वर्षांत तुळया घडवून ठेवता आल्या असत्या. दोन पुलांच्या उंचीची गाठ कागदावर घालता आली असती. भुयारी मार्गातल्या पाण्याचा बंदोबस्त करता आला असता. म्हातारी माणसे, गरोदर बायका ह्यांना स्टेशनच्या पुलाचे जिने चढावे लागणार, हे ओळखून तिथे सोय करता आली असती. लग्नघरात मांडव आधी घालतात आणि वऱ्हाड मग येते. आपल्याकडे वऱ्हाड दारात उभे राहिल्यावर बांबू आणायला माणूस पाठवतात!

‘हे सगळे बोलायला सोपे, करून कुणी दाखवले आहे?’ असा एक सवाल नेहमी येतो. करून दाखवलेले आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरात १७ जानेवारी १९९४ ला भूकंप झाला आणि सांता मोनिका महामार्गाचे पूल पडले. हा तिकडचा अतिशय वर्दळीचा रस्ता. तिथल्या सरकारने पहिली गोष्ट काय केली? रस्ता बंद राहिल्याने गावाचे दररोज किती नुकसान होते त्याचा अंदाज बांधला. तो दिवसाला दहा लाख डॉलरांच्या वर निघाला. मग कंत्राटात लिहिले, काम १४० दिवसांत संपवा. जितके दिवस आधी संपेल तितके दिवस रोज दोन लाख डॉलर बक्षीस, जितके दिवस उशीर तितके दिवस तितकाच दंड. कंत्राटदाराने रात्रंदिवस माणसे लावली आणि ६६ दिवसांत पूल उभा केला. १२ एप्रिलला रस्ता मोकळा! त्याने बक्षिसाचे जवळजवळ दीड कोटी डॉलर खिशात घातले म्हणून तिकडेही काहींनी बोटे मोडली; पण वाचलेल्या ७४ दिवसांची किंमत त्याहून कितीतरी अधिक होती. लंडनात २०१२ पासून गर्दीचे रस्ते अडवणाऱ्यांकडून भाडे घेतात, दिवसाला २५०० पौंडांपर्यंत. रस्ता अडवलात ना? मग भाडे भरा. भाडे चालू झाले की खड्ड्याशेजारी विडी ओढत बसणे परवडत नाही. तिकडची माणसे आपल्यापेक्षा शहाणी आहेत असे मी समजत नाही. त्यांनी फक्त तो गाळलेला रकाना भरला.

आणि परदेशाचे नाव काढल्याने ज्यांना राग येतो, त्यांनी दादरला जावे. तिथला टिळक पूल १९२५ चा. त्याच्या कडेने आधी नवा पूल उभारायचा, वाहतूक त्यावर वळवायची आणि मगच जुन्याला हात घालायचा, असे ठरवून काम सुरू केले गेले. म्हणजे इथल्याच माणसांना, इथल्याच रुळांवर, हे सुचते! सगळीकडे कडेला जागा नसते, हेही खरे; म्हणून मी सर्वत्र हेच करा असे म्हणत नाही. पण पुण्यात विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल २०२० मध्ये पाडले, आणि त्यांच्या जागच्या नव्या पुलाची पहिली बाजू उघडली ती २०२५ च्या ऑगस्टात. गणेशखिंडीतून रोज जाणाऱ्या पुणेकराने ही पाच वर्षे कशी काढली, ते त्यालाच विचारा; मात्र हातात वेळ असेल तरच विचारा, कारण पुणेकर पाच वर्षांचे पाच मिनिटांत सांगणार नाही.

तेव्हा माझे मागणे फार मोठे नाही. ‘काम चालू, रस्ता बंद, तसदीबद्दल क्षमस्व’ ही पाटी मला नको. क्षमा मागणारा कोण, तेही त्या पाटीवर नसते. त्या जागी रस्ता कुठल्या तारखेला उघडेल ते लिहा, आणि ती तारीख चुकली तर रोज किती दंड कुणाच्या खिशातून जातो, ते मोठ्या अक्षरांत लिहा. ज्या रस्त्यावर वाहतूक वळवणार, तो आधी नीट करा. त्यावरचे खड्डे, त्यावरचे पाणी आधी काढा, मग पूल बंद करा. आणि पायी चालणाऱ्याची वाट एक दिवसही तोडू नका. मोटारवाल्याला फिरून जायला पेट्रोल असते; चालणाऱ्याला गुडघे असतात.

हे लिहीत असतानाही शहरात नवे वळसे जन्माला आलेच आहेत. शीवचा पूल १ ऑगस्ट २०२४ ला बंद झाला. परळ आणि प्रभादेवी जोडणारा एल्फिन्स्टनचा पूल १२ सप्टेंबर २०२५ ला बंद झाला. ह्या एल्फिन्स्टनच्या पूर्वेला केईएम आहे, टाटा आहे. नानांसारखे किती नाना त्या पुलावरून जात असतील, हे मोजायला कुणी बसले होते काय?

२०२३ च्या भाऊबीजेला मी अंधेरी पूर्वेहून चार बंगल्याला ताईकडे निघालो होतो, तो दीड तासाने पोचलो. ओवाळणीच्या ताटातले निरांजन दोनदा विझले होते आणि भाचा उपाशीच झोपला होता. २०२५ च्या भाऊबीजेला गोखले पुलावरून निघालो तो अठराव्या मिनिटाला दारात! ताई केस विंचरीत होती. “अरे, इतक्यात आलास? अजून पाट मांडायचाय,” ती म्हणाली. मीही ऐटीत म्हणालो, की आता असेच येणार. एवढ्यात फोन वाजला. परळचा आमचा आतेभाऊ मुलाबाळांना घेऊन गाडीने यायला निघाला होता.

“ताई, एल्फिन्स्टन बंद आहे गं,” तो सांगत होता. “करी रोडवरून फिरून येतोय. रांग हलत नाही. तुम्ही जेवून घ्या, पण ओवाळायला थांबा.”

ताईने निरांजनातली वात काढून पुन्हा डबीत ठेवली.